दुबार खर्च आणि ‘विश्वासाची गरजच नाही’ ही थाप

माझ्या भाच्याने मध्यंतरी आपला जुना कॅमेरा विकला. गिऱ्हाईक ऑनलाइन ओळखीचं. त्याने विचारलं, बिटकॉइनमध्ये दिले तर चालतील का? भाच्याला तर हे हवंच होतं. चार वर्षं तो मला या विषयावर शिकवण्या देत होता. स्टेशनजवळच्या हॉटेलात भेट झाली, चहा झाला, गिऱ्हाइकाने कॅमेरा हाताळून बघितला आणि पैसे पाठवले. भाच्याच्या फोनवर क्षणात रक्कम दिसली. तिच्याखाली ‘अनकन्फर्म्ड’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. दहा मिनिटं थांबले. काही बदललं नाही. गिऱ्हाइकाला लोकल पकडायची होती. तो कॅमेरा घेऊन गेला. भाचा घरी पोचला तेव्हा फोनवरची ती रक्कम नाहीशी झाली होती. ‘अनकन्फर्म्ड’चं ‘कन्फर्म्ड’ झालं नाही, नोंदच उडाली.

रात्री त्याचा फोन आला. “मामा, हे होऊच शकत नाही. एकच नाणं दोनदा खर्च करायचा प्रयत्न झाला तर नेटवर्क पकडतं.”

मी म्हटलं, “अरे, पकडलंच की. दोन नोंदी होत्या, त्यातली एक पकडून फेकून दिली. ती तुझी होती एवढंच.”

हे मी चिडवायला म्हटलं नव्हतं. घडलं ते अक्षरशः तसंच होतं. गिऱ्हाइकाने आधी अगदी कमी फी लावून भाच्याला पैसे पाठवले. बाहेर पडल्यावर तीच नाणी, जास्त फी लावून, स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवली. नेटवर्कने दोन्ही नोंदी पाहिल्या, त्या एकमेकींना छेद देतात हे ओळखलं, आणि जास्त फी देणारी ठेवली. नियमाप्रमाणे सगळं चोख झालं. चोर कोण, या प्रश्नाशी नेटवर्कला काही देणंघेणं नव्हतं.

मी बँकेत तेवीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी क्लिअरिंग खात्यात. एकाच पैशावर दोन जणांनी हक्क सांगणं हा माझ्या नोकरीतला रोजचा विषय होता. म्हणून गेल्या काही वर्षांत ‘बिटकॉइनने विश्वासाची गरजच संपवली’ हे वाक्य मराठी यूट्यूबवर, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि लग्नाच्या पंगतीत ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. तंत्रज्ञान मला आवडतं. राग आहे तो या वाक्याचा. ते खोटं आहे, आणि त्या खोट्याची किंमत भाच्यासारखी माणसं देतात.

प्रश्न जुना आहे

दुबार खर्च म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नसावी. एकच फ्लॅट दोघांना विकणारा बिल्डर आपण पाहिला आहे. एकाच जमिनीवर दोन सोसायट्यांकडून कर्ज उचलणारा नातेवाईक बहुतेक घरांत असतो. नोटेच्या बाबतीत हे होत नाही, कारण नोट वस्तू आहे. ती मी तुम्हाला दिली की माझ्याकडे उरत नाही. डिजिटल पैसा मात्र आकड्यांची रांग असतो आणि आकड्यांची नक्कल फुकट होते.

आपल्याकडच्या हुंडीपुढेही हाच पेच होता. हुंडी वाटेत हरवली तर सराफ दुसरी प्रत लिहून देई, तिला पैठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपैठ. आता एकाच रकमेचे तीन कागद बाजारात फिरू शकतात. उपाय काय होता? पैठेत मूळ हुंडीचा उल्लेख, परपैठेत दोन्हींचा, आणि एकीचा भरणा झाला की बाकीच्या रद्द. हे सगळं टिकत होतं ते पैसे देणाऱ्या पेढीच्या वहीवर आणि लिहून देणाऱ्याच्या पतीवर. पुढे बँकेत आम्ही डुप्लिकेट डिमांड ड्राफ्ट देताना इंडेम्निटी बाँड लिहून घ्यायचो. तोच जुना प्रकार, फक्त स्टँपपेपरवर. दुबार भरणा झालाच तर कोणाची मान धरायची हे आधी ठरवलेलं असायचं.

संगणकाच्या जगात या प्रश्नाला पहिलं सुंदर उत्तर दिलं ते डेव्हिड चॉम या अमेरिकन संशोधकाने. १९८२ साली त्याने ‘आंधळी सही’ ही कल्पना मांडली. बँक नाण्यावर सही करते, पण कोणत्या नाण्यावर केली हे तिला दिसत नाही. त्यामुळे पुढे ते नाणं कोणी कुठे खर्च केलं याचा माग तिला काढता येत नाही. मग दुबार खर्च कसा पकडायचा? दुकानदाराने दर वेळी बँकेला विचारलं तर सोपं आहे. पण दुकानदार ऑफलाइन असेल तर? १९८८ मध्ये चॉम, अमोस फियाट आणि मोनी नाओर यांनी यावर तोडगा काढला. खर्च करणाऱ्याची ओळख नाण्यातच भरायची, पण फाडलेल्या नोटेसारखी, दोन-दोन तुकड्यांच्या अनेक जोड्या करून. पैसे देताना दुकानदार प्रत्येक जोडीतला डावा किंवा उजवा, कोणताही एक तुकडा मागतो. एका तुकड्यावरून काहीच कळत नाही. तेच नाणं दुसऱ्या दुकानात दिलं की तिथला दुकानदार आपल्या मर्जीने तुकडे निवडतो. दोन्ही दुकानांचे तुकडे बँकेत एकत्र आले की कुठल्या ना कुठल्या जोडीचे दोन्ही भाग जुळतात, आणि नाव उघडं पडतं.

म्हणजे प्रामाणिक माणूस निनावी आणि चोर नावानिशी. मला आजही वाटतं की या क्षेत्रात यापेक्षा न्याय्य कल्पना कोणी मांडलेली नाही. चॉमच्या डिजिकॅश या कंपनीचं १९९८ साली दिवाळं निघालं हा भाग वेगळा. बाजारात हरलेली कल्पना चूकच असते असं नाही.

पकडणं सोपं, ठरवणं अवघड

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा नऊ पानी निबंध प्रसिद्ध झाला. त्यातला मुख्य प्रश्न दुबार खर्चाचाच होता: बँक मधून काढून टाकली तर हे कोण रोखणार?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बिटकॉइनमध्ये दुबार खर्च ‘ओळखणं’ हे शाळकरी पोरही करेल इतकं सोपं आहे. प्रत्येक संगणक अजून खर्च न झालेल्या नाण्यांची यादी ठेवतो. नवी नोंद आली की ती ज्या नाण्यावर हक्क सांगते ते यादीत आहे का, एवढंच बघायचं. एकाच नाण्यावर दोन नोंदी आल्या तर विरोध लगेच दिसतो.

खरी अडचण पुढे आहे. दोघींपैकी पहिली कोणती? मुंबईतल्या संगणकाकडे माझी नोंद आधी पोचली, साओ पावलोतल्याकडे तुमची. जगभर पसरलेल्या या जाळ्याला एक सामाईक घड्याळ नाही आणि दोघेही आपापल्या जागी खरं बोलत आहेत. सातोशीने याला दिलेलं उत्तर म्हणजे सोडत. साधारण दर दहा मिनिटांनी, गणिती कोडं सोडवण्याच्या शर्यतीत जो जिंकेल त्याने पुढचं पान लिहायचं. त्याने दोनपैकी जी नोंद पानावर घेतली ती खरी. दोघांनी एकाच वेळी पान लिहिलं तर ज्या वहीमागे जास्त मेहनत साठत जाईल ती वही खरी.

ही कल्पना हुशारीची आहे यात वाद नाही. पण हे उत्तर कोणत्या जातीचं आहे ते बघा. त्यातून ‘आता दुबार खर्च होणार नाही’ असं निघत नाही. ‘होण्याची शक्यता दर पानागणिक कमी होत जाते’ एवढंच निघतं, आणि तेही हल्लेखोराकडे निम्म्याहून कमी ताकद असेल तर. सातोशीने स्वतः शेवटी आकडे दिले आहेत. हल्लेखोराकडे जाळ्याची १० टक्के ताकद असेल आणि त्याच्या यशाची शक्यता हजारात एकाच्या खाली आणायची असेल, तर पाच ब्लॉक थांबा. ३० टक्के असेल तर २४ ब्लॉक, म्हणजे चार तास. ४५ टक्के असेल तर ३४० ब्लॉक, म्हणजे सव्वादोन दिवसांहून जास्त.

‘सहा कन्फर्मेशन झाली की पैसे पक्के’ हा जो मंत्र सगळीकडे सांगितला जातो, तो त्या निबंधात नियम म्हणून कुठेही नाही. सहा हा संकेत आहे. हल्लेखोराकडे किती ताकद असेल याबद्दलचा एक अंदाज त्यात गृहीत आहे. आता तुम्हीच सांगा, ‘समोरच्याकडे ३० टक्के ताकद नाही’ हे मी कशाच्या आधारे धरून चालतो? गणित हे सांगत नाही. मी ते मानतो. रोजच्या मराठीत याला विश्वास म्हणतात.

जाळं गप्प राहतं

भाच्याला मी सांगितलं की तुला सहा नाही तर निदान एका ब्लॉकपुरतं तरी थांबायला हवं होतं. त्याचा प्रश्न रास्त होता: “पण दुसरी नोंद जाळ्यात आल्यावर मला सावध का केलं नाही? दहा हजार संगणकांना दिसलं, मला का नाही?”

याचं उत्तर क्रिप्टोच्या प्रचारकांना अडचणीचं आहे. सुरुवातीची बरीच वर्षं जाळ्यातल्या संगणकांची रीत अशी होती: पहिली पोचलेली नोंद ठेवायची, तिला छेद देणारी दुसरी आली तर टाकून द्यायची आणि पुढे पाठवायचीही नाही. म्हणजे ज्याने चोरी पाहिली तोच ती गिळून टाकणार. २०१२ मध्ये घसान करामे, एली अँड्रोलाकी आणि स्रजान चापकुन यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. काही सेकंद थांबून कानोसा घेतला की दुकानदार सुरक्षित असतो, ही तेव्हाची समजूत होती. हल्लेखोर दुकानदाराला गाठून एक नोंद देऊ शकतो आणि बाकीच्या जाळ्यात दुसरी पसरवू शकतो. मग दुकानदाराच्या आजूबाजूचे संगणक त्याला दुसरी नोंद दाखवतच नाहीत, हे त्यांनी करून दाखवलं. उपायही सुचवला: परस्परविरोधी नोंद दिसली तर ती गिळू नका, इशारा म्हणून पुढे पाठवा.

बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरने ती वाट धरली नाही. इशाऱ्यांचा महापूर सोडून जाळंच बंद पाडता येईल, ही भीती खोटी नव्हती. उलट २०१६ च्या सुरुवातीला आलेल्या ०.१२ या आवृत्तीत जास्त फी देऊन आधीची नोंद बदलण्याची सोय आली. तेव्हा निदान नोंदीवर ‘ही बदलली जाऊ शकते’ अशी खूण लागत असे. ऑक्टोबर २०२४ च्या २८.० या आवृत्तीपासून खूण असो वा नसो, कुठलीही अपक्की नोंद बदलू देणं हीच मूळ मांडणी झाली.

हे करणाऱ्या प्रोग्रामर मंडळींना मी दोष देत नाही. ते पहिल्यापासून स्पष्ट सांगत आले आहेत की अपक्की नोंद म्हणजे वचन नव्हे, तिच्यावर माल देऊ नका. माझं भांडण त्यांच्या आणि भाच्याच्या मधल्या माणसांशी आहे. निबंधाच्या शीर्षकात ‘इलेक्ट्रॉनिक रोकड’ हे शब्द आहेत. खुद्द सातोशीने जुलै २०१० मध्ये खाऊच्या व्हेंडिंग मशीनचं उदाहरण घेऊन लिहिलं होतं की दहा सेकंदांत पुरेशी खात्री करून देणारी सेवा एखादी कंपनी देऊ शकेल. ‘कंपनी’ हा शब्द लक्षात ठेवा. ज्या दिवशी चहा-कॉफीच्या व्यवहाराचा प्रश्न आला, त्याच दिवशी मध्यस्थ परत आला.

निकाल माणसांनीच दिला

आता मोठ्या प्रकरणांकडे येऊ. ‘इथे माणसाच्या मर्जीला जागा नाही’ या दाव्याची कसोटी संकटातच लागते.

१५ ऑगस्ट २०१० रोजी ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये एका चुकीचा फायदा घेऊन कोणीतरी १८४ अब्जांहून जास्त बिटकॉइन हवेतून निर्माण केले. एकूण बिटकॉइनची मर्यादा २ कोटी १० लाख आहे, हे ध्यानात घ्या. तेव्हाच्या सॉफ्टवेअरच्या नियमाप्रमाणे तो ब्लॉक वैध होता. मग काय झालं? काही तासांत दुरुस्त सॉफ्टवेअर आलं, लोकांना ते चालवायची विनंती झाली आणि ती वही फाडून नवी लिहिली गेली. योग्यच झालं. पण हे कोणी केलं?

मार्च २०१३ चं प्रकरण तर आपल्या विषयाशी थेट जुळतं. ०.८ या नव्या आवृत्तीने आपला डेटाबेस बदलला होता. २,२५,४३० च्या आसपास एक मोठा ब्लॉक आला. तो नव्या आवृत्तीने स्वीकारला, जुन्या आवृत्तीच्या अनेक संगणकांनी नाकारला. एका बिटकॉइनच्या दोन वह्या झाल्या. नव्या आवृत्तीच्या वहीमागे ताकद जास्त होती, म्हणजे ‘जास्त मेहनतीची वही खरी’ या नियमाने तीच जिंकायला हवी होती. पण जुनी आवृत्ती चालवणारे बहुसंख्य लोक त्यामुळे बाहेर फेकले गेले असते. त्या रात्री मुख्य प्रोग्रामर आणि मोठ्या खाणपूलांचे चालक चॅटवर जमले, चर्चा केली आणि उलट निर्णय घेतला. बीटीसी गिल्ड या मोठ्या पूलने आपली ताकद जुन्या वहीकडे वळवली. नव्या वहीतले २४ ब्लॉक रद्दबातल झाले. प्रत्येक ब्लॉकला २५ बिटकॉइन मिळत असताना त्या खाणवाल्यांनी आपली कमाई सोडली.

या गोंधळात एक दुबार खर्च यशस्वी झाला. ओकेपे या सेवेत सुमारे दहा हजार डॉलरचा भरणा एका वहीत पक्का झाला आणि तेच नाणं दुसऱ्या वहीत वेगळीकडे खर्च झालं. करणाऱ्याचा हेतू चाचणीचा होता, असं या घटनेच्या अधिकृत अहवालातच नोंदलं आहे. हेतू चांगला होता हे ठीक. पण ज्याच्या खात्यातून ते पैसे गेले त्याने काय चूक केली होती? त्याच्याकडे कन्फर्मेशन होती. गणित त्याच्या बाजूने होतं. निकाल मात्र एका चॅटरूममध्ये लागला.

माझं म्हणणं असं नाही की तो निकाल चुकला. मी तिथे असतो तर मीही तोच दिला असता. क्लिअरिंगमध्ये आम्हीही रात्री उशिरा फोनाफोनी करून असेच निर्णय घेतलेत. फरक इतकाच की आमच्यावर नाव होतं, सही होती आणि दुसऱ्या दिवशी ऑडिटर होता. ‘इथे माणसं नाहीत, फक्त गणित आहे’ असं म्हटलं की त्या माणसांना जाब विचारायची वाटच बंद होते.

‘कोड हाच कायदा’ असं म्हणून खरोखर माणसांचा हस्तक्षेप नाकारणाऱ्यांचं काय झालं तेही पाहू. २०१६ मध्ये इथेरियममध्ये मोठी चोरी झाली आणि बहुमताने वहीतल्या शिल्लकी थेट बदलून ती निस्तरली. हे ज्यांना तत्त्वाविरुद्ध वाटलं ते जुन्या वहीवर राहिले, ती इथेरियम क्लासिक. तत्त्व चोख होतं, पण मागे ताकद थोडी. जानेवारी २०१९ मध्ये तिथे सुमारे ११ लाख डॉलरचा दुबार खर्च झाला. ऑगस्ट २०२० मध्ये एकाच महिन्यात तीन हल्ले झाले. पहिल्यात ५० लाख डॉलरहून जास्त रक्कम दुबार खर्च झाली आणि तिसऱ्यात ७,००० हून अधिक ब्लॉक उलटले. मे २०१८ मध्ये बिटकॉइन गोल्डचं असंच सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरचं नुकसान झालं होतं.

यात सर्वांत बोलका भाग हा की जाळ्याला हा हल्ला हल्ला म्हणून दिसतच नाही. त्याला फक्त एक जास्त मेहनतीची, नियमात बसणारी वही दिसते आणि ते निमूटपणे तिच्याकडे वळतं. आरडाओरडा केला तो कॉइनबेससारख्या एक्स्चेंजांनी आणि ब्लॉकांवर नजर ठेवणाऱ्या विश्लेषकांनी. पगारी माणसांनी जुनी वही जपून ठेवली होती, म्हणून ती नव्या वहीशी ताडून पाहता आली. दुबार खर्चाचा शोध शेवटी राखणदारानेच लावला.

मान्य काय आहे

प्रतिपक्षाचं खरं ते मान्य केलं पाहिजे. बिटकॉइनच्या मुख्य वहीवर बाहेरच्या कोणी ताकदीच्या जोरावर खोलवर उलटापालट करून पैसे लांबवल्याचं उदाहरण नाही. जून २०१४ मध्ये जीहॅश या एका पूलची ताकद निम्म्याच्या घरात गेली, तेव्हा खाणवाल्यांनी स्वतःहून त्यातून अंग काढून घेतलं आणि त्या पूलने ४० टक्क्यांखाली राहण्याचं आश्वासन दिलं. हल्ला करून नाण्याचा भाव पाडण्यापेक्षा प्रामाणिकपणे खाण चालवणं फायद्याचं, हा सातोशीचा युक्तिवाद आजवर टिकला आहे.

पण शब्द बघा: ‘आश्वासन’, ‘स्वतःहून’, ‘फायद्याचं’. ही पतीची भाषा आहे. आजही दोन मोठे पूल मिळून अनेकदा निम्म्याच्या आसपास ब्लॉक काढतात. ते हात मिळवणार नाहीत यावर आपण विसंबून आहोत. विसंबायला हरकत नाही. मीही विसंबेन. पण मग ‘विश्वासाची गरज नाही’ म्हणू नका. ‘आम्ही अमक्या लोकांच्या स्वार्थावर, तमक्या प्रोग्रामरांच्या शहाणपणावर आणि इतक्या विजेच्या खर्चावर विश्वास ठेवतो’ असं म्हणा.

टीकाकारांच्या बाजूलाही खोट कमी नाही. जानेवारी २०२१ मध्ये ‘बिटकॉइनमध्ये दुबार खर्च झाला’ अशा बातम्या आल्या आणि घबराट पसरली. प्रकरण काय होतं? एकाच उंचीवर दोन ब्लॉक निघाले, जे नेहमीच अधूनमधून होतं. हरलेल्या ब्लॉकमधली वीसेक डॉलरची एक नोंद आणि जिंकलेल्या ब्लॉकमधली एक नोंद एकाच नाण्याच्या होत्या. शेवटी वहीत खर्च एकदाच नोंदला गेला. यंत्रणेने आपलं काम केलं होतं. ज्यांना नोंद बदलणं आणि दुबार खर्च यातला फरक कळत नाही त्यांनी मथळे लिहिले. भक्त आणि निंदक दोघांनाही यंत्रणा समजून घ्यायची नाही, हे त्या आठवड्यात दिसलं.

हे आपल्याशी कुठे येतं

दोन ठिकाणी.

पहिलं, २०१८ साली पुण्यात गेनबिटकॉइन योजनेबद्दल गुन्हे दाखल झाले. दरमहा १० टक्के, १८ महिने, असं आमिष होतं. अशा योजनांच्या बाजूने ‘बिटकॉइनमध्ये फसवणूक अशक्य आहे, कारण दुबार खर्च होत नाही’ असा युक्तिवाद करता येतो. दुसरा भाग बराचसा खरा, पहिला साफ खोटा. एक नाणं दोनदा खर्च होत नाही याचा अर्थ ते घेणारा तुम्हाला परत देईल असा होत नाही. एका अरुंद तांत्रिक हमीचा पदर ओढून सगळ्या व्यवहाराला पावित्र्य दिलं गेलं. ‘विश्वासाची गरज नाही’ हे वाक्य ठगांच्या सर्वांत जास्त कामी आलं ते असं.

दुसरं, रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया. १ डिसेंबर २०२२ ला त्याचा किरकोळ वापराचा प्रयोग मुंबईसह चार शहरांत सुरू झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये बँकेने तो इंटरनेट नसतानाही चालेल अशी सोय आणण्याचं जाहीर केलं. मेळघाटात किंवा सह्याद्रीच्या घाटात नेटवर्क नसताना पैसे देता येणं ही चैन नव्हे, गरज आहे. पण ऑफलाइन म्हटलं की आपण थेट १९८८ मध्ये जातो. जाळं समोर नसताना दुबार खर्च त्याच क्षणी पकडणारं कोणी नसतं. मग उरतात फार थोडे मार्ग. एक म्हणजे फोडता येणार नाही अशी चिप फोनमध्ये घालायची आणि ती फुटणार नाही यावर विसंबायचं. दुसरा, रकमेला लहानशी मर्यादा घालून नुकसान सोसायचं. तिसरा, नंतर जुळवणी करून चोर शोधायचा. आणि शोधायचाच असेल, तर चॉमसारखा फक्त चोर उघडा पाडायचा की प्रत्येकाचा प्रत्येक व्यवहार नावानिशी साठवायचा?

या निवडी तांत्रिक नाहीत, राजकीय आहेत. नुकसान कोण सोसणार, दुकानदार की बँक? नाव कोणाचं कळणार, चोराचं की सगळ्यांचं? आपल्याकडे या प्रश्नांवर चर्चा जवळपास नाही, कारण एका बाजूला ‘सरकारी म्हणजे सुरक्षित’ आणि दुसऱ्या बाजूला ‘गणित म्हणजे सुरक्षित’ असे दोन जप चालू आहेत. दोन्ही जपांचा हेतू एकच: तुम्ही विचारू नये.

माझी मागणी साधी आहे. पैशाची कोणतीही नवी यंत्रणा समोर आली की तिला तीन गोष्टी विचारा. एकाच पैशावर दोघांनी हक्क सांगितला तर निकाल कोण देतं? निकाल लागेपर्यंत किती वेळ जातो आणि तोवर माल कोणाच्या हातात असतो? निकाल माझ्याविरुद्ध लागला तर मी कोणाच्या दारात जाऊ? हुंडीकडे या तिन्हींची उत्तरं होती. चेककडे आहेत. बिटकॉइनकडे पहिल्या दोहोंची आहेत, आणि ती प्रामाणिकपणे मांडली तर बरीच चांगली आहेत. तिसऱ्या प्रश्नावर तिथे कोणीच दार उघडत नाही.

भाच्याने कॅमेऱ्याचे पैसे गेले असं धरून चाललंय. तो मला त्या रात्री शेवटी म्हणाला, “मामा, चूक माझीच. मी थांबायला हवं होतं.” मला याचाच सर्वांत जास्त राग आहे. ड्राफ्ट दोनदा वटला तर आम्ही कधी खातेदाराला ‘चूक तुमची’ म्हणून घरी पाठवला नाही. म्हटलं असतं तर त्याने काउंटरवर गोंधळ घातला असता, आणि तो त्याचा हक्क होता. भाच्याला गोंधळ घालायला काउंटरच नाही, आणि नसणं हाच मोठा शोध आहे असं त्याला चार वर्षं शिकवलं गेलंय.